उशांच्या ट्रकवरून पडल्याची खरी हकिकत

वाशिंद,
होळीच्या आधीचा शुक्रवार

तीर्थस्वरूप धर्मादादा यांस,

धाकटी बहीण प्रेमा हिचा साष्टांग नमस्कार. आठही अंगं टेकवून घातलेला आहे, हे मुद्दाम लिहिते, कारण सरळगावच्या बाजारात माझं एक अंग कमी झाल्याची बातमी तुला मिळाली असं कळलं. पाय आहे. दोन्ही आहेत. डावा संध्याकाळी थोडा सुजतो, पण तो माझाच आहे आणि होता तिथंच आहे. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी सकाळी घेतोस की आठवेल तेव्हा? भागीरथी वहिनीची पाठ कशी आहे? म्हैस व्यायली का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. रविंद्र रोज कल्याणला दुकानावर जातात आणि रोज परत येतात. कुणालीची परीक्षा झाली, पेपर बरे गेले असं ती म्हणते.

पत्र लिहायचं कारण तूच आहेस. काल तुझे अकरा फोन आले. त्यातले चार मी उचलले. चारही वेळा तू “पाय गेला का गो तुझा?” असं विचारलंस आणि उत्तर यायच्या आत “थांब, मी गाडी काढतो” म्हणून फोन ठेवलास. शेवटी कुणालीनं माझ्या दोन्ही पायांचा फोटो काढून पाठवला, तेव्हा तू थांबलास. (वहिनीनं नंतर हळूच विचारलं म्हणे, फोटो जुना तर नाही ना? तिला सांग, नवाच आहे, नखं बघ कशी वाढलीत, दोन महिने वाकता येत नव्हतं.) फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर मध्ये बोलता येत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. कुणाली उद्या तुझ्याकडे येतेय, तिच्याच हातात देईन. चहा घे, ओसरीवर बस, आणि संपेपर्यंत उठू नकोस.

आधी हे कबूल करते की म्हसाच्या जत्रेला मी आले नाही त्याचं कारण मी खोटं सांगितलं. ‘ऑडिट चालू आहे’ असं म्हणाले. तू रुसलास, वहिनीनं माझ्यासाठी घेतलेल्या बांगड्या तुझ्या मीनाला देऊन टाकल्यास, तेही समजलं. (राहू देत तिलाच, तिच्या हाताला शोभतील.) तेव्हा मी खाटेवर पडले होते, डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. तुला कळवलं नाही, कारण मागं माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा तू पिकअपमधून नऊ माणसं घेऊन आलास, वॉचमनशी भांडलास, आणि वहिनीनं आख्ख्या वॉर्डाला भाकऱ्या वाढल्या. डॉक्टरनं मला लवकर घरी सोडलं ते मी बरी झाले म्हणून नव्हे.

तुला वाटतं मी ऑफिसात बसते. मी बसत नाही, दादा, मी चढते. आमचं गोडाऊन हायवेच्या अंगाला आहे. देशभरातून ट्रक येतात, कधी मिक्सर, कधी दप्तरं, कधी टीव्ही. पंढरीची आठ जणांची टोळी माल उतरवते आणि मी मोजते. बिल्टीवर (म्हणजे मालाबरोबर येणाऱ्या कागदावर) जेवढे नग लिहिलेत तेवढे गाडीत आहेत की नाहीत, हे मी सांगायचं. मी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय ड्रायव्हरची सुटका नाही. अकरा वर्षांत माझा एकही नग चुकलेला नाही. एकदा पंजाबचा एक सरदारजी ड्रायव्हर माझ्याशी तीन तास भांडला, आणि शेवटी कमी पडलेला कुकर स्वतःच्या सीटखालून काढून देऊन, हात जोडून गेला. तो कुकर तिथं कसा गेला ते मी विचारलं नाही. माझं काम मोजण्याचं.

आता ट्रकची फळी माझ्या छातीएवढी उंच असते. मोठ्या कंपन्यांच्या गोडाऊनला तेवढाच उंच ओटा असतो, ट्रक मागं लावला की माणूस सरळ आत चालत जातो. आमच्याकडे ओटा नाही. आमच्याकडे क्रेट आहे. दुधाच्या पिशव्या येतात तसला प्लॅस्टिकचा क्रेट, उलटा ठेवलेला. त्यावर पाय, मग ट्रकच्या साखळीला हात, मग देवाचं नाव आणि वर. उतरताना हेच उलटं, फक्त देवाचं नाव आधी. मी शिडी मागितली होती. चार वेळा मागितली. ठेकेदाराचा सुपरवायझर दिपेश (सव्वीस वर्षांचा आहे, शर्टाची घडी मोडत नाही, मनानं वाईट नाही, पण मनाचा वापर कमी) प्रत्येक वेळी म्हणायचा, “मॅडम, वर कळवलंय.” वर म्हणजे किती वर ते त्यालाच माहीत. तिथंही बहुतेक क्रेटवरूनच चढत असतील, म्हणून उशीर होत असेल.

नव्या वर्षाचा पहिला मंगळवार. गाडी आली उशांची. दोनशे चाळीस गठ्ठे, प्रत्येकात दहा उशा. पंढरीची पोरं म्हणाली, प्रेमाबाय, आज सुटी, आज माल नाय, आज कापूस उचलायचाय. टोळीनं मोजले दोनशे अडतीस. मी वर चढले. पार आत जाऊन, ड्रायव्हरच्या केबिनला टेकलेल्या कोपऱ्यात दोन गठ्ठे दबून बसले होते, ते शोधले. दोनशे चाळीस. त्या आनंदात उतरायला लागले, हातात स्कॅनर, खाली फरशी सकाळीच पुसलेली. क्रेटवर पाय टेकवला आणि क्रेट निघून गेला. कुठं गेला ते मी पाहिलं नाही. मी गेले खाली. डावा पाय आधी, त्यावर बाकीची मी.

दादा, त्या ट्रकमध्ये दोन हजार चारशे उशा होत्या आणि मी जिथं पडले तिथं एकही नव्हती.

पंढरी धावत आला आणि वरून वाकून विचारतो, “प्रेमाबाय, पडल्या काय?” मी म्हटलं, “नाय रे, मोजायला आली खाली.” हसायला सुरुवात केली आणि मग पाय हलवायला गेले तर पाय हलला आणि पाऊल हललं नाही. तेव्हा मात्र मी ओरडले. हिराबाई, आमच्याकडे झाडलोट करते, तानशाकडच्या एका पाड्यावरून रोज सहाच्या आधी निघून येते, ती झाडू टाकून खाली बसली आणि माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं. कोणीतरी म्हणालं, पायाखाली उशी द्या. हे दिवसातलं एकमेव शहाणपणाचं वाक्य होतं. पंढरीनं गठ्ठा फाडायला घेतला तर दिपेश ओरडला, “पॅक फोडू नका! काउंट कमी येईल!” मी त्या अवस्थेत त्याला म्हटलं, “काउंट मी करते. फोड रे पंढरी.” त्या उशीची नोंद नंतर ‘वाटेत खराब’ म्हणून झाली. ती आता आमच्या घरात आहे. चांगली मऊ आहे.

उचलायची वेळ आली तेव्हा टोळीला माणूस उचलायची सवय नव्हती, फ्रीज उचलायची होती. त्यांनी मला फ्रीजसारखंच उचललं. दोघं खांद्याला, दोघं खाली, एक पुढं पाठ करून. “धर. सरळ ठेव. वाकडी नको करू, गॅस खाली जाईल. भिंत सांभाळ.” टेम्पोत मला आडवं ठेवायचं की उभं यावर चर्चा झाली. (टोळीतल्या मंगळूचं मत उभं असं होतं.) शहापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, हात हलका, बोलणं थोडं. घोट्याचं हाड मोडलं होतं. त्यांनी विचारलं, काय पडलं अंगावर? मी म्हटलं, काही नाही, मीच पडले. गाडीत काय होतं? उशा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं, ते फार वेळ लिहीत होत्या.

हे दुःख मला पुढं सहा आठवडे झालं. चाळीतून, दोन इमारती सोडून, स्टेशनापलीकडून बायका बघायला यायच्या. पहिला प्रश्न, काय पडलं? लोखंड म्हटलं असतं तर त्यांचं समाधान झालं असतं. ‘उशा’ म्हटलं की चेहरे पडायचे. एक बाई तर आणलेली दोन सफरचंदं परत पिशवीत ठेवायला लागली. शेवटी मी सांगायला लागले, साडेचार फुटांवरून पडले, गाडीत काय होतं ते कंपनीचं गुपित आहे. त्यानं मान वाढला. ट्रकखाली सापडली, पाय गेला, ही सरळगावची बातमी बहुतेक त्याच गुपिताच्या पोटातून निघाली असावी.

आता खरा प्रसंग. आठव्या दिवशी दिपेश घरी आला. दोन माळे चढून आल्यानं घामाघूम, हातात बिस्किटाचा पुडा आणि एक टाइप केलेला कागद. “मॅडम, फक्त फॉर्मॅलिटी आहे, इथं एक सही.” मी अकरा वर्षं कागद वाचल्याशिवाय सही केलेली नाही. वाचला. त्यात लिहिलं होतं की सदर महिला कर्मचारी स्वतःच्या घराच्या अंगणात पाय घसरून पडली.

मी म्हटलं, “दिपेश, अंगण दाखव मला.”

तो इकडंतिकडं बघायला लागला. आमची खोली तुला माहीत आहे. दुसरा माळा, दहा बाय बारा, दाराबाहेर चपला ठेवायला जागा नाही. दोन मिनिटं तो खरोखर शोधत होता. मग म्हणाला, “ठीक आहे मॅडम, आपण जिना करू.”

मी त्याला बिस्किटाचा पुडा परत दिला आणि चहा दिला. म्हटलं, माझं काम काय आहे? जे आलं तेच लिहायचं. दोनशे अडतीस आले तर अडतीस, चाळीस आले तर चाळीस. मी गाडीवरून पडले, गाडीवरून लिही. तो म्हणाला, कामावर पडलं असं लिहिलं की चौकशी येते, ठेकेदाराला त्रास होतो. मला हे नंतर दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीवर कळलं की तसं लिहिलं तरच कामगार विमा घरी बसलेल्या माणसाला सांभाळतो. अंगणात पडलेल्याला कोणी विचारत नाही. ज्याला अंगण नाही त्याला तर नाहीच.

पुढच्या रविवारी तो परत आला. या वेळी कागदावर जिना होता आणि तोंडी निरोप होता: सही नाही तर बरं झाल्यावर यायची घाई करू नका, दुसरी चेकर बघू. रविंद्र तेव्हा घरी होते. तुझे दाजी तुला माहीत आहेत, रांगेत मागं कोणी आलं तर त्यालाच पुढं करणारे. ते म्हणाले, “कर ना गो सही. पाय तर भरतोयच.” दादा, तुला खोटं सांगत नाही, मी पेन हातात घेतलं होतं. कुणालीची फी डोळ्यासमोर आली. जिना म्हणजे तरी काय, पडले तर पडलेच ना, असं मनाला समजावत होते. पेनाचं टोपण काढलं होतं.

हिराबाई त्या दिवशी आली होती. हाड भरायला बांधायचा कसला तरी पाला घेऊन दर रविवारी यायची, (प्लास्टरवर कसा बांधणार ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आम्ही तो प्लास्टरवरच बांधायचो) आणि दाराशी बसायची. तिला वाचता येत नाही. तिनं मला विचारलं, कागदावर काय हाय? मी सांगितलं, मी जिन्यात पडले असं आहे.

ती उठून उभी राहिली. “जिन्यात? मग मी मांडीवर डोकं घेतलं ते कोणाचं?” दिपेश म्हणाला, मावशी, तुम्ही मध्ये पडू नका. ती म्हणाली, “मी नाय पडली. ही पडली. मी बघितलं. माझं नाव लिव त्यावर.”

“मावशी, तुम्हाला सही येत नाही.”

“अंगठा हाय ना. तो येतो.”

आणि तिनं अंगठा पुढं धरला. शाई नव्हती, काही नव्हतं, नुसता अंगठा. दादा, आमच्या गोडाऊनमध्ये सगळ्यात सहज कोणाला काढता येईल तर तिला. तिचं नाव हजेरीतसुद्धा कधी ‘हिराबाई’ तर कधी ‘सफाई’ असं असतं. मी पेनाला टोपण लावलं. कुणालीच्या वहीचं पान घेतलं, तारीख घातली, गाडीचा नंबर घातला, उशा दोनशे चाळीस गठ्ठे लिहिलं, क्रेट लिहिला, ओली फरशी लिहिली, आणि खाली माझी सही आणि माझ्याच काजळानं हिराबाईचा अंगठा. रविंद्रनी उठून हिराबाईला पाणी दिलं आणि साक्षीदार म्हणून खाली स्वतःची सही केली. त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही कशाचे साक्षीदार? म्हणाले, या कागदाचा. लग्नाला एकवीस वर्षं झाली, त्या दिवशी मला हा माणूस नव्यानं आवडला. (हे वहिनीला वाचून दाखवू नकोस.)

सोमवारी हिराबाईला फाटकावरूनच परत पाठवलं. म्हणाले, उद्यापासून नको. ही गोष्ट पंढरीला कळली. पंढरी पाठीवर एकटा वॉशिंग मशीन घेतो आणि पाल दिसली की टेबलावर चढतो, असा माणूस. तो कधी कोणाला उलट बोललेला नाही. त्या दिवशीही तो बोलला नाही. तो बसला. त्याच्या बाजूला मंगळू बसला, मग कमळू, मग आठही जण. बाहेर पंख्यांची गाडी नऊ वाजल्यापासून उभी. एक वाजेपर्यंत एक खोका खाली आला नाही. ड्रायव्हरनं कंपनीला फोन केला, कंपनीनं ठेकेदाराला, ठेकेदारानं दिपेशला, दिपेशनं मला. मला! म्हणतो, मॅडम, तुम्ही समजवा ना. मी म्हटलं, मी अंगणात बसलेय, आले की समजावते.

बुधवारी ज्यांचा माल येतो त्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून योगिनी मॅडम आल्या. मला रिक्षातून बोलावलं. मी कुबड्या घेऊन गेले, चांगली साडी नेसून, कारण पडलेल्या माणसानं पडल्यासारखं दिसू नये. मॅडमनी दिपेशला विचारलं, तीन वर्षांत माल उतरवताना किती अपघात? तो म्हणाला, शून्य. मॅडमनी टोळीकडे पाहिलं. टोळीनं जमिनीकडे पाहिलं. मग मीच म्हटलं, मॅडम, यांच्या रजेचे कागद मागवा.

कागद आले. दादा, कागदावर आमची टोळी म्हणजे घरात न टिकणारी टोळी. मंगळू आंबे काढताना झाडावरून पडला होता, नोव्हेंबरमध्ये. कमळू तीन वेळा मोरीत अंघोळ करताना घसरला होता, इतका स्वच्छ माणूस साऱ्या शहापूर तालुक्यात नसेल. पंढरीला बैलानं ढकललं होतं. मॅडमनी विचारलं, “पंढरीभाऊ, तुमच्याकडे बैल किती?”

“एक पण नाय.”

“मग ढकललं कोणी?”

पंढरीनं माझ्याकडे बघितलं, मग हिराबाईकडे. (तिलाही बोलावून घेतलं होतं, ती फाटकाच्या आत यायला तयार नव्हती, मी हात धरून आणली.) आणि म्हणाला, “क्रेटनं, मॅडम. आमचा बैल तोच.” आधी कमळू हसला, मग सगळे. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं आणि स्वतः लिहून घेतलं. मनगट, बरगडी, गुडघा, परत मनगट. अकरा वेळा माणूस पडला होता तीन वर्षांत. आठ माणसं. मी रोज त्यांचा माल मोजत होते, दादा, आणि ही मोजणी माझ्याकडे नव्हती. त्याची मला लाज वाटली. त्या दिवसापासून बिल्टीच्या वहीच्या मागच्या पानावर मी ती ठेवते.

त्यानंतर सगळं आपोआप व्हावं तसं झालं. माझ्या अपघाताचा कागद बरोबर भरला गेला, ट्रकवरून, क्रेटसकट. हिराबाई परत आली, आणि हजेरीत आता रोज ‘हिराबाई’ असतं. आणि शिडी आली! शहापूरच्या वेल्डरनं केलेली, सहा पायऱ्या, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, खाली चाकं आणि चाकांना ब्रेक. पिवळा रंग. ठेकेदारानं नारळ फोडला आणि पंधरा मिनिटं भाषण केलं, कामगारांची काळजी त्याला लहानपणापासून कशी आहे त्यावर. मग दिपेश म्हणाला, चला, पहिलं कोण चढतंय? पोरं पुढं सरकली. मी कुबड्यांवर उभी होते. मी म्हटलं, “थांबा रे. ही शिडी माझ्या घोट्यानं आणलीय. पहिली मी चढणार.” टाळ्या वाजल्या. योगिनी मॅडमनी फोटो काढला.

तेव्हापासून कोणी तिच्यावर पाय ठेवलेला नाही. झेंडूचा हार वाळला तरी काढलेला नाही. पंढरी म्हणतो, बाय चढल्याशिवाय आमी नाय चढणार. हा मान तुझ्या बहिणीला आहे, दादा, हे बाजारात सांग. पाय गेल्याचं सांगणाऱ्यांना मुद्दाम सांग. प्लास्टर निघून महिना झाला, डॉक्टर बाईंनी ‘जिने चढा’ असं लिहून दिलंय, कामावरही हजर झालेय, सध्या खाली उभं राहून मोजते. येत्या सोमवारी साडेनऊला मिक्सरची गाडी आहे. त्या गाडीवर मी चढणार. काळजी करण्यासारखं काहीही उरलेलं नाही. तू यायची गरज नाही. वहिनीला नमस्कार, मीनाला आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवरून हात फिरव.

तुझी,
दोन पायांची बहीण,
प्रेमा

ता. क. कुणालीबरोबर नाचणीचं पीठ पाठव. दोन किलो पुरे, दहा नको.

ता. क. वर मी ‘येत्या सोमवारी’ लिहिलंय. हा तिसरा सोमवार आहे. पहिल्या सोमवारी मी म्हटलं, गुडघा दुखतोय. दुसऱ्या सोमवारी शिडीपाशी गेले, दोन पायऱ्या चढले, आणि हात कठड्याला असे चिकटले की सुटेनात. पुढची पायरी दिसत होती, पाय जात नव्हता. पंढरीला म्हटलं, चष्मा विसरले, आणि उतरले. चष्मा नाकावर होता. पंढरीनं चष्म्याकडे बघितलं आणि म्हणाला, “बरं, घेऊन या.” हे रविंद्रनाही सांगितलेलं नाही.

ता. क. बुधवारी कमळू क्रेटवरून घसरला. कोपर खरचटलं, जास्त काही नाही. पण शिडी तीन हातांवर उभी होती आणि तो क्रेटवरून चढत होता, माझ्या शब्दासाठी. रात्री नव्हे, दिवसाढवळ्या मला हे सारखं दिसतं. पंढरीला ‘तुम्ही चढा’ म्हणून बघितलं, तो ऐकत नाही. तेव्हा मलाच चढायचंय.

ता. क. तर सोमवारी ये. साडेनऊच्या आधी. किती माणसं आणायची ती आण, ओरडायचं तर फाटकावर ओरडून घे. आत आलास की शिडीच्या खाली, डाव्या बाजूला उभा राहा. मी पंढरीला सांगून ठेवलंय की माझ्या भावाला गोठ्याच्या माळ्यासाठी अशीच शिडी करून घ्यायचीय, म्हणून तो बघायला येतोय. तेव्हा शिडीच बघ. माझ्याकडे बघू नकोस.